रिसेप्शनसमोरचं चित्र

लग्न मोडून मी कोपरखैरण्याला आईवडिलांकडे परत आले, त्याच वर्षी मला वाशीतल्या एका ऑफिसात रिसेप्शनिस्टची नोकरी लागली. बंदरात आलेला माल कस्टममधून सोडवून देणारी ती कंपनी होती. काम अवघड नव्हतं. फोन घ्यायचे, कुरियर घ्यायचं, आलेल्या माणसाला बसवून पाणी विचारायचं, आणि सर आत असले तरी नाहीत म्हणून सांगायचं. मुलाखतीत सरांनी एकच विचारलं होतं, "घरी काही टेन्शन नाही ना? नाहीतर बायका मधेच सोडून जातात." मी नाही म्हटलं. कोर्टाच्या तारखा चालू होत्या, ते सांगितलं नाही.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. उंचीला माझ्यापेक्षा थोडं जास्तच, आणि रुंदीला जवळजवळ सगळी भिंत भरून. त्यात माणूस नाही, झाड नाही, होडी नाही. वरच्या बाजूला हिरवट काळा रंग, शेवाळलेल्या हौदाच्या तळासारखा. तो खाली येता येता राखाडी व्हायचा, आणि सगळ्यात खाली पांढरा. हा पांढरा इतका जाड थापलेला होता की गवंड्यानं गिलावा अर्धवट सोडल्यासारखा दिसायचा. त्यात मधेच एक तांबूस रेघ, गंजलेल्या सळईचा डाग पडावा तशी.

सोफ्यावर वाट बघत बसलेले लोक त्याच्याकडे बघून म्हणायचे, "समुद्र आहे वाटतं. वर ढग भरून आलेत, खाली वाळू." मलाही तेच वाटायचं. वकिलाचा फोन आला की मी त्या वाळूकडे बघत बोलायची. तो काय सांगतोय ते ऐकायला तशी बरी जागा होती. चित्र कोणाचं, कुठून आलं, हे कधी मनात आलं नाही. ते त्या भिंतीचंच होतं.

एक दिवस दुपारी जेवणाची वेळ संपता संपता एक म्हातारे गृहस्थ आत आले. पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. कोणाला भेटायचंय विचारलं तर म्हणाले, "कोनाला नाय. पाच मिन्टं बसतो." उन्हातून आलेले दिसत होते म्हणून मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, तरी थोडं पाणी सांडलं. मग ते चित्रासमोर उभे राहिले आणि बराच वेळ तसेच उभे होते.

"हे उलटं लावलंय," ते म्हणाले.

मी हसले असेन. म्हटलं, "काका, यात उलटं-सुलटं कसं कळणार?"

"मी काढलंय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आधीच्या शेठनं नीट लावलं होतं. ते गेले. नंतर तुमी रंगकाम केलं असल, तवा उलटं लागलं."

ऑफिसचं रंगकाम मी लागायच्या आधी झालं होतं. मी आत जाऊन सरांना सांगितलं. सर, म्हणजे जुन्या शेठचे चिरंजीव, लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, "कोणाला काय फरक पडतो? राहू दे. आणि असं कोणालाही आत बसवू नकोस." मी बाहेर येऊन काकांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "नाय म्हनाले ना? असू दे." पिशवी सावरून ते निघून गेले.

पुढच्या महिन्यात ते परत आले. मग अधूनमधून येतच राहिले. सर बंदरावर गेले असले की मी त्यांना बसू द्यायची. ते बोलायचे कमी. त्यांचा उजवा हात सारखा थरथरायचा, म्हणून बसल्यावर ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. मला सुरुवातीला वाटलं थंडी वाजतेय, म्हणून मी एसी कमी केला. तेव्हा म्हणाले, "थंडी नाय गं बाय. हाताचा आजार हाय. आता हा हात माझं ऐकत नाय."

बोलता बोलता कळलं की तेही कोपरखैरण्यालाच राहतात, आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. मूळचे उरणकडच्या खाडीकाठच्या गावातले. वडील मिठागरात कामाला, थोडी खाजणाची, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतली शेती. मोठा भाऊ शाळा सोडून वडिलांबरोबर राबला आणि ह्यांना मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात शिकवलं. पुढे ह्यांनी एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं, गणपती मंडळांचे देखावे रंगवले, आणि उरलेल्या वेळात आपली चित्रं काढली, जी फारशी कोणी विकत घेतली नाहीत. घर चाललं ते बायकोच्या नोकरीवर. ती दवाखान्यात नर्स होती. मूलबाळ झालं नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ऑफिसात जवळजवळ कोणी नव्हतं. सर गावाला गेले होते. काका आले तेव्हा आमचे शिपाईमामा कोळिष्टकं काढायला शिडी घेऊन उभे होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "मामा, हे चित्र फिरवायचं का?"

मामांनी झाडू खाली केला. "सरांनी विचारलं तर?"

"साफसफाईला काढलं होतं म्हणू."

चित्र फार जड होतं. मामा शिडीवर, मी खाली. काका उठले, पण हात पुढे करून पुन्हा मागे घेतले आणि जाऊन सोफ्यावर बसले. चित्र भिंतीवरून उतरवून आम्ही फिरवलं तेव्हा मागचं कापड दिसलं. तिथं काळ्या रंगात ब्रशनं एक मोठा बाण काढलेला होता आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं होतं, 'वर'. मामा म्हणाले, "घ्या. एवढं लिहून ठेवलंय आणि कोणी मागं बघितलं नाही."

ते पुन्हा टांगून मी माझ्या खुर्चीत येऊन बसले आणि समोर बघितलं. वाळू गेली होती. तो जाड पांढरा आता सगळ्यात वर होता, आणि त्याच्या खाली राखाडी, आणि त्याच्या खाली तो हिरवट काळोख थेट जमिनीपर्यंत. आधी त्या चित्राकडे लांबून बघितल्यासारखं वाटायचं. आता मी त्याच्या आत, तळाशी बसले होते.

काकांनी विचारलं, "आधीचंच बरं होतं ना?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "हो. आधी जरा बरं वाटायचं."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "हे बगायला त्रासच होतो."

मामांनी चहा आणला. चहा पिता पिता काकांनी मला जे सांगितलं, ते त्यांनी आधी कोणाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. लहानपणी भावानं त्यांना पोहायला शिकवलं. खाजणाच्या बांधाला भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार असतं, त्याला ते उघाडी म्हणत. त्या उघाडीपाशी खोल पाणी साचायचं. भाऊ ह्यांना घेऊन पाण्यात उतरायचा, डोकं धरून खाली दाबायचा आणि आधी बजावून ठेवायचा, "डोले उघड. डोले मिटलेस तर तुला कधीच येनार नाय." खारं पाणी झोंबायचं. पण उघडले की वर सगळा पांढरा उजेड दिसायचा, हलणारा, आणि खाली काही नाही.

"त्यो हात काढून घ्यायचा. मग मी वर यायचो," काका म्हणाले.

पुढे बंदर आलं, जमिनी गेल्या, मिठागर बुजलं. पैसे आले आणि गेले. भाऊ एका कंटेनर यार्डात वॉचमन म्हणून उभा राहू लागला. पिऊ लागला. काकांचं मुंबईत पहिलं मोठं प्रदर्शन लागलं होतं, चित्रं टांगायचं काम चाललं होतं, तेव्हा गावाहून निरोप आला. भरावासाठी माती काढून काढून यार्डामागे मोठा खड्डा झाला होता. पावसानं तो तुडुंब भरला होता. ड्युटी संपवून घरी जाताना भाऊ त्यात पडला. दुसऱ्या दिवशी सापडला.

"गावात त्याच्यासारका पोहनारा नव्हता," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "का आला नाय वर, ते मला म्हाईत नाय. पडला का उतरला, तेपन म्हाईत नाय. शेवटी त्यानं काय बगितलं असल, तेवडंच म्हाईत हाय. तेवडंच काढलं."

मामा कप उचलून पँट्रीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

चित्र फिरवल्याचं सरांच्या लक्षातच आलं नाही. पुष्कळ दिवसांनी एक क्लायंट म्हणाला, "इथं पूर्वी एक छान पेंटिंग होतं, बीचचं," तेव्हा सर म्हणाले, "असेल. मी कधी नीट बघितलं नाही."

नंतर मी काकांच्या घरी जाऊ लागले. दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि किचन. भिंतींवर एकही चित्र नव्हतं. काकूंनी मला नीट सगळं सांगितलं, त्यांच्या नर्सच्या सवयीनं, पेशंटची हकीकत सांगावी तसं. भाऊ गेल्यावर ह्यांनी प्रदर्शनाकडे पाठ फिरवली. शाळेतून घरी आले की खोलीत ते मोठं कापड ताणून बसायचे. पांढरा लावायचे, खरवडून काढायचे, पुन्हा लावायचे. जेवायला बसले तर ताटात बघत राहायचे. पूर्ण झालं तेव्हा ते चित्र ह्यांना घरात ठेवता येईना. त्या खोलीत झोप लागेना. शेवटी ऑफिसचे जुने शेठ घ्यायला तयार झाले तर लगेच देऊन टाकलं; तेव्हा रंग मऊ होता, कापड गुंडाळूनच जिन्यानं खाली नेलं.

"आणि दिल्यावर बघायला जायला लागले," काकू म्हणाल्या. "आधी रस्त्यावरून काचेतून बघून यायचे. मी म्हणायची, मग दिलंत कशाला? तर पुन्हा चपला घालायचे."

भावाच्या मागे त्याची बायको आणि एक मुलगी. बायको लवकर गेली. मुलगी मोठी झाली, उरणला एका गोदामात कामाला लागली. तिनं काकांशी बोलणं टाकलं होतं. कोणीतरी तिला सांगितलं होतं की तुझ्या काकानं तुझ्या बापाच्या मरणाचं चित्र काढलं आणि विकलं. ती एकदा येऊन दारातच म्हणून गेली होती, "माझा बाबा इकलात तुमी." काका त्यावर काहीच बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, बोलायला हवं होतं, पण ह्यांचा स्वभाव तसला. जे सांगायचं ते रंगानंच सांगणार, आणि आता रंगही सुटला.

आजार वाढत गेला. चालताना पाय अडकू लागले, चेहऱ्यावरचे भाव गेले. हसले तरी हसल्यासारखं दिसायचं नाही. ऑफिसात यायचं बंद झालं. मी संध्याकाळी जाताना डोकावायची. ते विचारायचे, "हाय का जाग्यावर?" मी म्हणायची, "आहे." एवढंच आमचं बोलणं.

मग कंपनीनं ऑफिस हलवायचं ठरवलं, उरणच्या बाजूला, बंदराजवळ. नवीन ऑफिसात भिंतींऐवजी काचा होत्या. खुर्च्या-टेबलं भंगारवाल्याला द्यायची होती. मी सरांना विचारलं, "ह्या चित्राचं काय करायचं?"

"तुला हवं तर घेऊन जा," सर म्हणाले.

माझा घटस्फोट तोवर झाला होता आणि मी खरं तर कुठल्याच गोष्टीनं आनंदून जाण्यासारखी राहिले नव्हते. पण त्या दिवशी मला आनंद झाला. मामांनी ओळखीचा टेम्पो बोलावला. चित्र चादरीत गुंडाळून आम्ही कोपरखैरण्याला नेलं. वाटेत मामा मागे चित्राला धरून उभे होते.

जिन्यात ते अडकलं. वळणावर आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं, कठड्यावरून बाहेर काढून बघितलं. शेजारचे दोघे मदतीला आले. एक म्हणाला, "खिडकीतून ओढून घेऊ," पण खिडकीला ग्रिल होतं. शेवटी वरून काकूंनी निरोप आणला. ते म्हणतायत, लाकडी चौकट काढा, कापड गुंडाळून आणा. रंगाची बाजू बाहेर ठेवा.

खिळे काढून आम्ही कापड सैल केलं आणि सावकाश गुंडाळायला घेतलं. पांढरा रंग इतक्या वर्षांत दगड झाला होता. पहिल्याच वळशाला तो तडकला. आधी बारीक आवाज आला, मग पापुद्रे सुटून पायऱ्यांवर पडू लागले. मी थांबले. मामा म्हणाले, "आता मधेच सोडलं तर अजून जाईल." म्हणून आम्ही गुंडाळतच राहिलो. वर काका खुर्चीत बसले होते, दार उघडं होतं, त्यांना ऐकू येत असणार. काकू केरसुणी आणि सूप घेऊन आल्या आणि जिन्यातले तुकडे गोळा करू लागल्या. मी म्हटलं, "काकू, टाकू नका." त्या म्हणाल्या, "मग काय करू, सांग."

ती गुंडाळी आम्ही काकांसमोर नेली. मी विचारलं, "काका, भिंतीवर लावू या? चौकट आत पुन्हा ठोकून घेता येईल." त्यांना बोलायलाही आता त्रास व्हायचा. अडखळत म्हणाले, "नको. कपाटामागं उबं कर."

मी तसं केलं. मामांना चहा देऊन काकूंनी पाठवलं. मी काकांजवळ बसून राहिले. त्यांना वाईट वाटलंय का हे कळायला चेहरा काही मदत करत नव्हता. मी म्हटलं, "माझ्यामुळे खराब झालं." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून की आजारानं, तेही समजलं नाही.

उन्हाळ्यात ते गेले. न्यूमोनिया झाला, गिळता येत नव्हतं म्हणून अन्न फुप्फुसात जायचं. काकूंनी दवाखान्यात ठेवायला नकार दिला आणि सगळं घरीच केलं. गेले तेव्हा मी तुर्भ्याला होते; ऑफिस लांब गेलं म्हणून तिथं नवी नोकरी धरली होती. संध्याकाळी पोचले तोवर सगळं आटपलं होतं. काकू पलंगाची चादर बदलत होत्या.

तेराव्याला पुतणी आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, अंगावर गोदामाचा निळा शर्ट तसाच. कामावरून सरळ आली होती. जेवली नाही. काकूंनी तिला कपाटामागची गुंडाळी दाखवली आणि म्हणाल्या, "हे ते चित्र. तुझं आहे. घेऊन जा."

"मना नको," ती म्हणाली आणि निघून गेली.

काकू पुढे बहिणीकडे कोल्हापूरला राहायला गेल्या. खोली विकली. चित्र मी आमच्या घरी आणलं. माझे वडील बाजारात माथाडी होते, त्यांना ओझ्याचा अंदाज लगेच येतो. गुंडाळी उचलून म्हणाले, "कापडाच्या मानानं लई जड आहे." आमच्या पोटमाळ्यावर ती आडवी मावली. आईनं झुरळं होतील म्हणून कुरकुर केली, मग तिथंच डांबराच्या गोळ्या ठेवल्या.

साधारण वर्षानं मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पुतणी होती. काकूंकडून नंबर घेतला म्हणाली. "ताई, तं चित्र बगायचं हाय. एकदाच."

रविवारी सकाळी ती आली. मी आणि वडिलांनी गुंडाळी गच्चीवर नेली आणि टाकीच्या सावलीत सोडली. कापड वळलं होतं, त्याला सरळ व्हायचं नव्हतं, म्हणून चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. पांढऱ्यातला बराच भाग गेला होता. जिथून गेला तिथं मूळ कापड उघडं पडलं होतं, मळकट, पिवळं.

ती कडेला उकिडवी बसली. पुष्कळ वेळ बघत होती. मग म्हणाली, "यात बाबा कुठं हाय?"

मी म्हटलं, "यात तुझा बाबा नाही. त्याला शेवटी जे दिसलं असेल, ते आहे. खालून वर बघताना." आणि मग उघाडीचं, डोळे उघडायचं, हात काढून घ्यायचं, सगळं सांगितलं, जसं काकांनी मला सांगितलं होतं तसं. सांगताना मला वाटत होतं, हे तिला काकांनीच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून ते उसनं वाटत होतं.

ती म्हणाली, "बाबानं मनापन तसाच शिकवला. त्याच उघाडीला."

मग तिनं हात पुढे करून पांढऱ्याच्या कडेवर बोट फिरवलं. एक पापुद्रा तिच्या बोटाला लागून निघाला. ती दचकली, तो परत जागेवर ठेवायचा प्रयत्न करू लागली. तो बसेना. मी म्हटलं, "असू दे." ती रडली नाही. पण तो तुकडा हातात धरून बसून राहिली, आणि वडील, ज्यांनी हे सगळं आत्ताच पहिल्यांदा ऐकलं होतं, तिच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारू लागले, गाव कुठलं, गोदामात काम काय, ड्युटी कधीची.

दुपारची ड्युटी आहे, ती म्हणाली. जेवायला थांब म्हटलं तर थांबली नाही. चित्र घेऊन जातेस का, हे मी पुन्हा विचारलं. तिनं मान हलवली. "घर पत्र्याचा हाय. पावसात गलतो." तुकडा तिनं शर्टाच्या खिशात ठेवला होता, की गच्चीवर कुठे सोडला, मी पाहिलं नाही.

ती गेल्यावर आम्ही दोघांनी चित्र पुन्हा गुंडाळलं. वडील एका टोकाला, मी दुसऱ्या. अजून थोडा रंग पडला. त्यानंतर ती आली नाही. सणावाराला फोन करते, वडिलांची तब्येत विचारते. चित्राचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही.